लिनो अंकलची चाकं

११ फेब्रुवारी, रविवार

काम मिळालं. आत्ताच लिहून ठेवतो, कारण उद्या सकाळी मला हे खरं वाटणार नाही.

ठाण्यात माजिवड्याला गेलेलो. जॉर्डन नावाच्या माणसाचा फोन आलेला. मी साफ केलेल्या एका बुलेटच्या सायलेन्सरचे फोटो माझ्या बहिणीने, समीक्षाने, जुन्या गाड्यांच्या कुठल्यातरी ग्रुपवर टाकले होते. मला न विचारता. ते बघून त्याने फोन केला.

गावठाणात कौलारू घर आहे, बाजूला पत्र्याची शेड. शेडमध्ये जुनी फियाट, चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली. रंग पूर्वी दुधासारखा असावा. पाच चाकं भिंतीला टेकवलेली, क्रोमची. या गाडीला अशी चाकं येत नाहीत. जॉर्डनचे काका, फ्रँकलिन, जहाजावर नोकरीला होते, त्यांनी बाहेरून आणून भावाला दिलेली. आता कडेला गंज फुगून पापुद्रे सुटलेत आणि मधल्या भागावर बारीक तांबडे ठिपके आहेत, अंगावर देवी आल्यासारखे.

नाशिकचा एक माणूस गाडी घ्यायला तयार आहे. तो लग्नांना जुन्या गाड्या भाड्याने देतो. त्याची अट एकच, चाकं हीच पाहिजेत आणि चमकली पाहिजेत. नवीन क्रोम चढवलेलं चालणार नाही. चाकं झाली नाहीत तर गाडी नको.

जॉर्डन डोंबिवलीला टॉवरमध्ये राहतो, चौदाव्या मजल्यावर. वडिलांना तिकडे न्यायचंय त्याला. "पप्पांचं एकच चाललंय तीन वर्षं. गाडीची सोय लागली की येतो, गाडीची सोय लागली की येतो. तू चाकं कर बॉस, मग बघू काय नवीन काढतात ते."

वडील तिथेच खुर्चीत बसलेले. लिनो अंकल. शहात्तर वय, अंगाने बारीक, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "चाकं घराच्या भायेर जानार नाय. काम करायचं तर हितंच."

मला तेच सोयीचं. आमच्या विठ्ठलवाडीच्या एका खोलीत आईला दम्याचा त्रास, तिथे ॲसिडची पावडर कुठे उघडणार?

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. ती इथे लिहितो, म्हणजे डोक्यातून निघेल. मी प्लेटिंगच्या, म्हणजे लोखंडावर क्रोम चढवायच्या, कारखान्यात होतो तेव्हा तयार मालावर बोटांचे डाग यायला लागले. साहेबांनी सगळ्यांना कोऱ्या लोखंडी पत्र्यावर पंजा दाबायला लावला. दुसऱ्या दिवशी बाकी सगळ्यांचे पत्रे स्वच्छ होते. माझ्या पत्र्यावर पाचही बोटं तांबडी उमटलेली, रेषांसकट. घामाचा दोष, म्हणाले. काही माणसांचा हात खारा असतो, त्याने लोखंड गंजतं. मला पॅकिंगला टाकलं. कारखाना बंद पडेपर्यंत माझं नाव खारा हात.

मी घाबरलो की मला घाम येतो. आणि मी बहुतेक वेळ घाबरलेलाच असतो.

१४ फेब्रुवारी, बुधवार

पहिलं चाक घेतलं. साबणाच्या पाण्याने ग्रीस काढलं. मग पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून गोल गोल फिरवली. तारेच्या घासणीने क्रोमवर ओरखडे पडतात. फॉइल मऊ असते, गंज तेवढा घेऊन येते. काळा चिखल निघतो, तो पुसत राहायचं. खोल खड्ड्यांवर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवायचं. मग खायच्या सोड्याचं पाणी, म्हणजे आंबटपणा मरतो. मग साधं पाणी, लगेच हेअर ड्रायर (समीक्षाचा, तिला माहीत नाही), आणि शेवटी मेण. खड्ड्यात क्रोम उरलेलं नसतं, आतलं लोखंड उघडं असतं. तिथे मेण चुकलं की गंज परत येणारच.

अंकल दारात उभे राहून बघत होते. कपाळावर काळं लागलेलं. मी म्हटलं, "अंकल, कपाळाला काहीतरी लागलंय."

"लागलं नाय रं, लावलंय. आज राखेचा बुधवार. मानूस माती हाय ह्ये ध्यानात ऱ्हावं म्हनून फादर लावतो." मग चाकाकडे बघितलं. "त्येच्यासाठी मना चर्चात कशाला धाडतात? ह्ये दिसतंय की समोर."

मला हसू आलं. मग वाटलं, हसायला नको होतं.

१८ फेब्रुवारी, रविवार

दोन चाकं झाली. इतकी चांगली होतील असं मला वाटलं नव्हतं. कापसाचा बोळा सगळीकडून फिरवून बघितला. कुठे खडबडीत राहिलं असेल तर कापसाची तार अडकते. दोनच ठिकाणी अडकली. तिथे पुन्हा घासलं.

अंकलना बोलावलं. ते वाकून बघत राहिले. चाकात त्यांचं तोंड दिसत होतं, वाकडं. "मी येवढा म्हातारा कवा जालो?" एवढंच म्हणाले. चांगलं झालं की नाही, काहीच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "जॉर्डन खूश व्हयेल."

मागच्या अंगणात ते मासे खारवत होते. त्यांच्या वडिलांचं आयुष्य खाडीकाठच्या मिठागरावर गेलं, त्यामुळे घरात मीठ गोणीने असतं, जाडं, करड्या रंगाचं. त्यांची बायको, जुलिया आंटी, होत्या तेव्हा दोघं मिळून करायचे, आता एकटे करतात. कोणासाठी, म्हटलं. "सवय," म्हणाले.

या गाडीतून गावातल्या किती नवऱ्या चर्चला गेल्या त्याचा हिशेब नाही, हेही सांगितलं. आंटीपण यातूनच आल्या. "त्या टायमाला चाकं अशीच व्हती. आता करून ठेवलीस तशी."

निघताना त्यांनी स्वतःच म्हटलं, "धूळ बसंल. मी गोनपाट टाकून ठेवीन वरती." मी थँक्यू म्हटलं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

गंज आला. दोन्ही चाकांवर.

गोणपाट उचललं तर खालून तांबडं. ठिपके नाहीत, ओघळ. तिथेच बसलो. काय चुकलं? सोडा कमी पडला? धुताना सायट्रिक राहिलं? मेण लावायच्या आधी पूर्ण सुकलं नव्हतं?

गोणपाट ओलसर होतं. मी म्हटलं, अंकल, हे ओलं कसं? "राती दव पडतं रं. हितं खाडी जवळ." ते चहा करायला आत गेले.

पहिल्यापासून सुरुवात.

२५ फेब्रुवारी, रविवार

पाण्यावर संशय होता. अंकलना विचारलं, तुमच्या बोअरिंगचं पाणी खारट आहे का? "हां रं! लय खारट. भाजी पन शिजत नाय त्यात." मग आधी का नाही सांगितलं, असं मनात आलं, पण मोठ्या माणसाला कसं विचारणार?

आज विठ्ठलवाडीहून दोन कॅन पाणी घेऊन गेलो. कल्याणहून ठाण्याला जाणाऱ्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "काय रे, ठाण्यात पाणी संपलं काय?" सगळे हसले. दोन्ही हातांनी कॅन धरून उभा राहिलो, माजिवडा येईपर्यंत कोणाकडे बघितलं नाही.

तीन चाकं केली, आमच्या पाण्याने. मेण दोनदा लावलं. अंकलनी जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि खारवलेल्या बांगड्याची चटणी. चांगली होती. ते माझ्या ताटात वाढत होते आणि चाकांकडे बघत होते.

३ मार्च, रविवार

परत. तिन्ही चाकांवर. पाणी आमचं होतं, तरी.

जॉर्डन आलेला, बरोबर व्हेनेसा, त्याची बायको. तो चाकावरून बोट फिरवून माझ्यासमोर धरत म्हणाला, "हे काय आहे? फोटोत तर एकदम भारी दिसत होतं यार. नाशिकवाला रोज फोन करतो, त्याला काय सांगू? तुला येत नसेल तर बोल, मी दुसरा बघतो."

व्हेनेसा म्हणाली, "अरे, ओरडतोस कशाला त्याच्यावर?"

"ओरडत नाहीये. विचारतोय."

मी म्हटलं, अजून एक संधी द्या. अंकल खुर्चीत होते. एकदा बोलायला तोंड उघडल्यासारखं केलं, मग नाही बोलले.

बसमध्ये माझ्या लक्षात आलं. पाणी बदललं, सोडा बदलला, मेण बदललं. एकच गोष्ट बदललेली नाही. हात.

६ मार्च, बुधवार

प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधून त्यावर रबरी मोजे घालून काम केलं. दर थोड्या वेळाने मोजे काढून हात सोड्याच्या पाण्यात धुतले. आत घाम साचतो, म्हणून परत धुतले. आई विचारत होती बोटांना काय झालं. डिटर्जंट लागलं म्हणून सांगितलं. आमटीचा घास घेताना झोंबतं.

९ मार्च, शनिवार

खडवलीला गेलो, दगडू मिस्त्रींकडे. कारखान्यात ते क्रोमच्या टाकीवर होते. आता घरीच असतात. लांबूनच ओरडले, "ये ये, खारा हात!" त्यांची बायको चुलीवर काहीतरी परतत होती, सगळं घर भरून वास, पण मिस्त्रींना वास येत नाही. टाकीच्या वाफेने नाकातला पडदा गेला त्यांचा. "बायकोने काय केलंय ते मला ताटात बघूनच कळतं," म्हणाले आणि हसले. मी नाही हसलो.

सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं.

"हातमोजे घालून पण गंज?"

"हो."

"मग हात कसा असेल? विचार कर की. एक चाक घरी घेऊन जा. तिथे गंजलं तर तू. नाही गंजलं तर त्या जागेत काहीतरी आहे."

"ते चाक बाहेर नेऊ देत नाहीत."

"का?"

मला का ते माहीत नव्हतं. मिस्त्री हसले. "तू लय साधा आहेस रे," म्हणाले. चिडवत असतील.

१० मार्च, रविवार

चौथं आणि पाचवंही. पाचही चाकांवर गंज.

अंकलना म्हटलं, एक चाक घरी नेतो, आठवड्याने आणतो. "नाय." मी म्हटलं, पावती लिहून देतो. "पावतीचा काय करू? नाय म्हंजे नाय."

मग मोजे काढले, हात धुवायचे होते म्हणून. त्यांनी बघितलं. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्यात, दोन ठिकाणी रक्त येतं. त्यांनी माझं मनगट धरून उजेडात ओढलं.

"ह्ये काय करून घेतलास?"

"धुवून धुवून झालं."

"कशाला?"

मी सांगायला नको होतं. आईला सांगितलेलं नाही, समीक्षाला नाही. पण त्यांनी मनगट सोडलं नव्हतं. मी कारखान्याचं सगळं सांगितलं, पत्र्यावर उमटलेला पंजा, खारा हात. म्हटलं, अंकल, तुमच्या चाकांचा दोष नाही, पाण्याचा नाही. माझ्या हातालाच लोखंड सोसत नाही. काही माणसं असतात अशी.

आत तव्यावर मासा होता, तो जळायला लागला. मी म्हटलं, अंकल, करपतंय. ते हलले नाहीत.

"आनि ह्ये नाय जमलं, तर काय करनार तू?"

"ज्यात लोखंडाला हात लागणार नाही असं काहीतरी. कुरियरवाले घेतात. नववीपर्यंत शिकलेला चालतो त्यांना."

"तुला ह्ये काम आवडतं."

आवडतं का, असं विचारलं नाही त्यांनी. नुसतं म्हटलं. मी हो म्हटलं.

खोबरेल आणून माझ्या हातांना लावलं, एकेका बोटाला. त्यांचा आवाज बसला होता, सर्दी झाली असावी. मी निघालो तेव्हा ते शेडच्या दारात उभे होते, मासा तसाच करपून पडला होता, जेवले नसावेत.

१२ मार्च, मंगळवार



आज जायचं ठरलेलं नव्हतं. काल संध्याकाळी अंकलचा फोन आला, "उद्या येऊन जा, कसं बी करून." गेलो. शेड उघडी, अंकल आत घरात. गोणपाट चाकांवर नव्हतंच, बाजूला पडलेलं. चाकांच्या खाचेत पांढरे खडे. मधल्या भागावरून पांढरे ओघळ वाळलेले. जवळच टोपात पाणी आणि त्यात प्लास्टिकचा मग.

मला वाटलं, माझाच सोडा. नीट धुतला गेला नसेल. बोट लावून जिभेवर ठेवलं.

सोडा साबणासारखा लागतो. हे मीठ होतं.

मी गोणपाट नाकाशी नेलं. खारवलेल्या माशांचा वास. मला वाटायचं त्यांच्या घरात सगळ्यालाच तो वास आहे.

दव नव्हतं. बोअरिंग नव्हतं. माझे हात नव्हते. इतके दिवस तो माणूस रोज माझ्या कामावर खारं पाणी ओतत होता आणि मी तिकडे हात सोलून काढत होतो. गाडी जाऊ नये म्हणून. गाडी गेली की डोंबिवलीला जावं लागेल म्हणून. हे मला आधी कळायला हवं होतं. मिस्त्रींना खडवलीत बसून कळलं असणार.

अंकल इतके नीटनेटके आहेत, कात्री वापरली तरी पुसून खिळ्याला अडकवतात. आजपर्यंत एक खडा दिसला नव्हता मला. पण वय झालं की माणूस विसरतो. पुसायचं राहून गेलं त्यांच्याकडून, टोपसुद्धा तिथेच राहिला. तेवढ्याने मला कळलं.

ते दारात आले. मी तोंड पुसलं.

"काय रं?"

मला खूप बोलायचं होतं. तोंडावर बोलायची माझ्यात हिंमत नाही. एवढंच म्हटलं, "अंकल, चाकं मी घेऊन जातो. पाचही." वाटलं, आता नाही म्हणतील. म्हणाले तर मी जॉर्डनला फोन लावणार होतो, खिशात फोन धरूनच उभा होतो.

"टेम्पो बोलव," ते म्हणाले.

त्यांनीच एकेक चाक ढकलत फाटकापर्यंत आणलं, मला हात लावू दिला नाही. शेवटचं चाक टेम्पोत चढवायच्या आधी जरा वेळ धरून ठेवलं. टेम्पोवाला म्हणाला, "चला काका, गाडी गल्लीत अडकलीय."

मी जातो म्हटलं नाही. रागात होतो.

१६ मार्च, शनिवार

खोलीत चाकं. दोन खाटेखाली, दोन कपाटाच्या बाजूला, एक आईच्या देव्हाऱ्याखाली. आई म्हणते, "हे काय, हुंड्यात मिळाली का? आधी बायको तरी आण." समीक्षा म्हणते, "दादा, माझा ड्रायर कुठेय ते मला कळलंय."

सायट्रिकचं काम बाहेर मोरीजवळ केलं, आईला शेजाऱ्यांकडे बसवून. मोजे घातले नाहीत. मुद्दाम पाचव्या चाकावर उघडा पंजा दाबून ठेवला, दोन दिवस पुसलं नाही.

काही नाही. स्वच्छ.

मी त्या चाकासमोर बसून राहिलो. आई म्हणाली, रडतोस काय वेड्यासारखा?

२३ मार्च, शनिवार

गाडी गेली.

मी चाकं घेऊन पोहोचलो तर नाशिकवाला आधीच आलेला, गाडी न्यायला मोठा ट्रक घेऊन. चाकं बसवली. ठोकळे काढले आणि गाडी स्वतःच्या चाकांवर टेकली तेव्हा शेजारपाजारचे बघायला जमले. चाकं इतकी चमकत होती की बाकीची गाडी अजूनच जुनी दिसायला लागली. नाशिकवाल्याने माझा नंबर घेतला. "हात आहे तुझ्यात," म्हणाला. एवढ्या लोकांसमोर.

जॉर्डन म्हणाला, "पप्पा, एकदा बसा ना. ट्रकवर चढवायच्या आधी हायवेपर्यंत चक्कर मारून आणतो."

"नको."

"अहो शेवटचं..."

"नको म्हनलं ना."

ट्रक वळणावरून जाईपर्यंत अंकल शेडमध्येच होते. ठोकळे उचलून एकावर एक रचत होते. आता त्यांचा काय उपयोग?

मला म्हणाले, "जेवून जा."

मी म्हटलं, बस चुकेल. बस चुकणार नव्हती, खूप बस असतात. मीठ वाढणाऱ्याच्या हातचं मला जेवायचं नव्हतं. त्यांनी मान हलवली. माझ्या हातांकडे बघितलं आणि आत गेले.

७ एप्रिल, रविवार

दोन कामं आली. एक जुनी जावा मोटारसायकल, तिची दोन्ही रिमं. एक डोंबिवलीच्या डॉक्टरांची अँबॅसडर, बंपर आणि चाकांच्या टोप्या. चाळीच्या मागे एक गाळा बघितलाय, पत्र्याचा, पाणी आहे.

मग मी खूश का नाही, ते कळत नाही.

आज जॉर्डनचा फोन आला. मला वाटलं कामाचा. म्हणाला, "पप्पा आले रे आमच्याकडे, ईस्टरनंतर. पण जमत नाहीये त्यांना. खाली उतरतच नाहीत. गॅलरीत बसतात दिवसभर. व्हेनेसा म्हणते, डॉक्टरला दाखवू. तुझं विचारतात अधूनमधून. ये की एकदा."

मी म्हटलं, कामं खूप आहेत. मनात म्हटलं, ज्या माणसाने माझी बोटं फाटेपर्यंत मला हात धुवायला लावले, त्याला मी कशाला भेटू? जॉर्डनला मी मिठाचं सांगितलेलं नाही, कधीच नाही सांगणार. तेवढं मी केलं त्यांच्यासाठी.

जॉर्डन बोलतच होता. "तुझ्यावर भारी विश्वास होता बाकी त्यांचा. मी तर तुला काढून टाकणार होतो. सोमवारी माझ्या बर्थडेला जेवायला आलेले, म्हणाले, नाशिकवाल्याला बोलवून घे, चाकं होतील. मी म्हटलं, पप्पा, काल तर पाचही गंजलेली. तर म्हणाले, आता गंज येनार नाय. पोराला काय बोलू नको, त्याचा हात चांगला हाय."

"कुठला सोमवार?"

"अरे अकरा मार्च. माझा बर्थडे, सांगतोय ना."

अकराला मी माजिवड्याला गेलोही नव्हतो. अकराच्या संध्याकाळी तर त्यांचा मला फोन आला, उद्या ये म्हणून. मीठ मला बाराला दिसलं. मग अकराला त्यांना कसं माहीत, की गंज येणार नाही?

जॉर्डन तारीख चुकत असेल.

८ एप्रिल, सोमवार

माणूस स्वतःच्या वाढदिवसाची तारीख चुकत नाही. आणि कात्रीसुद्धा पुसून अडकवणारा माणूस मीठ आणि टोप विसरत नाही.

जावाचं रिम हातात घेतलं आणि खाली ठेवलं. काम झालं नाही.

१४ एप्रिल, रविवार

डोंबिवलीला गेलो. जॉर्डन आणि व्हेनेसा चर्चमध्ये मिसाला गेलेले असणार, मुद्दाम तीच वेळ धरली. मला अंकलना एकटं भेटायचं होतं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

चार टॉवर, सगळे एकसारखे. गेटवर वॉचमनने विचारलं, "किससे मिलना है?" नाव सांगितलं, फ्लॅट सांगितला.

"काम क्या है?"

मी उभा राहिलो. मागे स्कूटीवाली बाई हॉर्न वाजवत होती. डिलिव्हरी, प्लंबर, गेस्ट, असं त्याच्या मोबाईलवर येतं, त्यातलं एक दाबावं लागतं त्याला. "अरे भाई, क्या लिखूँ?"

"गेस्ट," मी म्हटलं.

त्याने इंटरकॉम लावला. वाजत राहिला. "नहीं उठा रहे."

"परत लावा ना. म्हातारे आहेत. ऐकू जरा कमी येतं." ऐकू त्यांना चांगलं येतं.

त्याने परत लावला. मला रिसीव्हरमधून बारीक आवाज येत होता, वाजतोय, वाजतोय. "बाबा कभी नहीं उठाते," वॉचमन म्हणाला. "साब लोग आएँगे तब आना."

मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन वर बघितलं. मजले मोजले, पण पाण्याचे पाइप, कपडे, एसीचे डबे, सगळ्या गॅलऱ्यांत सारखंच. चौदाव्यावर एका गॅलरीत कोणीतरी बसल्यासारखं वाटलं. सदरा असेल किंवा वाळत घातलेला टॉवेल. मी हात वर केला आणि धरून ठेवला. तिकडे काही हललं नाही.

हात खाली घेतला. रस्त्याने जाणारी एक बाई, कोणाला हात केला म्हणून, वर बघत होती.